पुढच्या स्प्रिंगला तार बांधून स्ट्रट खोलू नका

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पुढच्या शॉकअबची (शॉक अ‍ॅब्सॉर्बरची) स्प्रिंग काढायला स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे हुकांच्या स्क्रूंनी स्प्रिंग दाबून धरणारं साधन, लागत नाही, तो गॅरेजवाल्यांचा पैसे काढायचा धंदा आहे. गाडी चाकांवर उभी असताना स्प्रिंगचे वेढे बाइंडिंग वायरने किंवा रॅचेट पट्ट्याने आवळून बांधा, मग जॅक लावा, स्ट्रट (शॉकअब आणि स्प्रिंगची एकत्र जोडणी) उतरवा आणि वरचा नट खोला. तार नसेल तर नट सरळ एअर गनने (हवेच्या दाबावर नट फिरवणाऱ्या यंत्राने) सोडा, स्प्रिंग "जरा उडते, बाकी काही नाही". चाक लटकलं की स्प्रिंग मोकळीच होते, नट हळूहळू सोडला की जोर संपतो, नाहीतर गॅस कटरने स्प्रिंग कापा, असे सल्लेही त्यासोबत फिरतायत.

ब्रेक पॅड, फिल्टर, बॅटरी ही कामं लोकांनी घरी शिकावीत असंच मला वाटतं. पण हा व्हिडिओ बघून कुणी रविवारी सकाळी अंगणात पाना घेऊन बसणार असेल, तर त्याने आधी हे वाचावं.

पहिला दावा: चाक लटकलं की स्प्रिंग मोकळी होते. हे अर्धवट खरं आहे, म्हणूनच ते पटतं. स्विफ्टसारख्या गाड्यांना मागे शॉकअब वेगळा आणि स्प्रिंग वेगळी असते. शॉकअबचे खालचे बोल्ट काढून अ‍ॅक्सल जॅकवर हळूहळू खाली घेतला की ती स्प्रिंग हाताने निघते. ज्याने मागची स्प्रिंग अशी काढलेली असते, त्याला पुढचीही तशीच निघेल असं वाटतं. पुढे मात्र मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात स्प्रिंग शॉकअबवरच बसवलेली असते, खाली वाटी आणि वर माउंट. हे दोन्ही एकत्र धरून ठेवतो तो शॉकअबच्या रॉडच्या टोकाचा एकच नट. खड्ड्यात चाक पूर्ण खाली गेलं तरी स्प्रिंग वाटीतून सुटू नये, म्हणून ती मुद्दाम दाबूनच बसवलेली असते. स्ट्रट गाडीतून काढून बाकावर आडवा ठेवला, तरी लहान गाडीच्या स्प्रिंगमध्ये ढोबळमानाने 80 ते 100 किलोचं बल कोंडलेलं राहतं.

दुसरा दावा तारेचा. सगळ्यात धोकादायक हाच आहे, कारण तो हुशारीचा वाटतो. गाडीचं वजनच स्प्रिंग दाबतंय, मग तशीच बांधून टाकू. पण त्याने होतं काय ते बघा. लहान हॅचबॅकच्या पुढच्या एका चाकाच्या स्प्रिंगवर उभ्या गाडीत साधारण 240 किलो येतात. स्प्रिंग मिलिमीटरला 2 किलोच्या आसपास दबणारी धरली, तर ती 120 मिलिमीटर दाबलेली आहे आणि तिच्यात 140 ज्यूलच्या घरात ऊर्जा आहे. ताशी 140 किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूत सुमारे 120 ज्यूल असतात. म्हणजे लटकलेल्या अवस्थेत स्प्रिंगमध्ये जेवढी ऊर्जा राहिली असती, तिच्या कितीतरी पट ऊर्जा या युक्तीने तुम्ही बांधून घेता आणि बाकावर आणून चेहऱ्यासमोर ठेवता.

आता तार. 18 गेजची बाइंडिंग वायर स्लॅबच्या सळ्या जागेवर धरायला बनवलेली असते. जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर, आणि मऊ. एक पदर साधारण 40 किलोला तुटतो. "दहा पदर घेतले की झालं" असं उत्तर येतं. पण हाताने मारलेले पदर कधीच सारखे ताणलेले नसतात. आधी सगळ्यात घट्ट पदरावर भार येतो, तो लांबतो किंवा तुटतो, मग पुढचा. पक्कडीने दिलेला पीळ भाराखाली उलगडतो तो वेगळाच. रॅचेट पट्टा मजबूत असतो, मान्य. पण तो सरळ ओढीसाठी असतो. स्प्रिंगचा गज गोल आणि चढता, त्यामुळे पट्टा त्यावरून घसरत जातो. एका बाजूने जास्त आवळला गेला की स्प्रिंग वाकते आणि आडवी निसटते.

हीच युक्ती कुणी इनोव्हा क्रिस्टा किंवा फॉर्च्युनरला लावली तर? तिथे पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे चाक वर आणि खाली अशा दोन आर्मांनी (आडव्या दांड्यांनी) धरलेलं असतं. स्प्रिंग चाकापेक्षा आत, आर्मवर टेकलेली असते. तरफेच्या नियमाने तिच्यावर चाकावरच्या वजनापेक्षा जास्त बल येतं, मुळात वजनही दुपटीच्या आसपास. व्हिडिओत गाडीचं नावसुद्धा घेतलेलं नाही.

तिसरा दावा: नट हळूहळू सोडा, आटे संपेपर्यंत जोर संपतो. लटकलेल्या लहान स्ट्रटमध्येही स्प्रिंग चार-पाच सेंटीमीटर दाबलेली असते आणि रॉडवरचे आटे दोनेक सेंटीमीटरचे. म्हणजे शेवटच्या आट्याला निम्मा जोर शिल्लक, आणि त्याच क्षणी तुमची बोटं नटावर. शिवाय शेवटचे एक-दोन आटे एवढा भार पेलत नाहीत, नट पूर्ण फिरायच्या आतच ते सोलून निघतात. एअर गनने तर हाताला काही कळतच नाही. "तोंड भिंतीकडे करा, वर गोणपाट टाका" हा सल्लाही तसाच. माउंट भिंतीकडे जातं तेव्हा तीन-चार किलोचा शॉकअब उलट्या बाजूला येतो, म्हणजे धरणाऱ्याच्या पोटात.

गॅस कटरने स्प्रिंग कापण्याबद्दल एवढंच सांगतो की आत तेलाने आणि बऱ्याचदा दाबाखालच्या नायट्रोजनने भरलेली बंद नळी आहे. तिच्याजवळ ज्योत नेऊ नका.

शेवटी नेहमीचं: "आमचा मिस्त्री वर्षानुवर्षं असंच करतो." करत असेल. त्याला कुठली स्प्रिंग किती दाबलेली असते याचा अंदाज असतो, कुठे उभं राहायचं नाही हेही माहीत असतं. पण स्ट्रट धरायला तो कुणाला उभं करतो? बहुतेक गॅरेजमध्ये तो हेल्पर पोरगा असतो, पंधरा-सोळाचा, डोळ्यांवर संरक्षक चष्मा नाही, पायात चप्पल, मान स्प्रिंगवर वाकलेली. नट सुटला तर लागणार त्याला. हे मला अजिबात मान्य नाही, मिस्त्री कितीही कसलेला असो.

कॉम्प्रेसरची साधी जोडी फार महाग नाही, पण तीही डोळे झाकून वापरायची नाही. दोन्ही स्क्रू स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना, हुकांच्या पिना लावलेल्या, आट्यांना ग्रीस. दोन-चार फेरे इकडे, तेवढेच तिकडे, आणि हातपान्यानेच, कारण एअर गनने आटे तापून खरवडतात. एका क्षणी वरच्या रबरी सीटपाशी बोटभर फट दिसते आणि अख्खी स्प्रिंग कॉम्प्रेसरसकट हाताने वाटीत फिरते. ती फिरल्याशिवाय मधल्या, म्हणजे रॉडच्या टोकाच्या, नटाला पाना लावायचा नाही. वेढा तुटलेली किंवा गंजून खवले सुटलेली स्प्रिंग असेल तर घरी दाबायलाच घेऊ नका, हुक तिथेच घसरतो.

पैसेच वाचवायचे असतील तर स्ट्रट अख्खा उतरवा. बहुतेक लहान गाड्यांत बॉनेटखाली माउंटचे बाहेरचे दोन-तीन नट, खाली नकलचे (चाक धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट, ब्रेकचा पाइप, एबीएसची (ब्रेक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर, आणि स्ट्रटला जोडलेली असेल तर स्टॅबिलायझरची लिंक, एवढंच सोडवावं लागतं. मधल्या नटाला हात लावू नका. तो अख्खा स्ट्रट भिंतीवर बसवलेला कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजात न्या आणि फक्त स्प्रिंग बदलून घ्या. मजुरी त्या एका कामाचीच पडते.