‘निलगिरीला कीड लागत नाही’ : कोणत्या निलगिरीला, कोणती कीड?

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरत असतो. निलगिरीच्या पानांत तेल असतं म्हणून तिला कीड लागत नाही. क्लोनची रोपं तर पूर्ण कीडरोधक. पाण्याचीही गरज नाही. आणि लागलीच कीड, तर एक फवारा मारा. चारही मुद्दे तपासण्यासारखे आहेत.

‘तेलामुळे कीड फिरकत नाही’

गुरं तोंड लावत नाहीत, एवढं खरं. पण ऑस्ट्रेलियातले शेकडो कीटक हीच तेलकट पानं खाऊन जगतात. १७९० च्या सुमारास निलगिरी बंगळूरजवळच्या नंदी हिल्सवर आली तेव्हा ते कीटक मागेच राहिले, आणि झाड निर्धास्त वाढलं. ते श्रेय तेलाच्या खात्यावर जमा झालं. (नव्या लागवडीत रोपं खाणारी आपली वाळवी तेव्हाही होती. ती या मजकुरात कशी सुटते, कोण जाणे.)

२००१ मध्ये कर्नाटकातल्या मंड्या भागात लेप्टोसायबे इन्व्हासा ही गाठमाशी आढळली आणि काही वर्षांत बहुतेक निलगिरी पट्ट्यात पसरली. माशी जेमतेम सव्वा मिलिमीटरची. मादी नराशिवायही अंडी घालते, म्हणजे शेतात एक पोचली तरी पुरे. अंडी पडतात ती कोवळ्या पानाच्या मधल्या शिरेत, देठात आणि शेंड्याच्या कोवळ्या काडीत. तिथे आधी हिरवी, मग गुलाबी-लाल चकचकीत गाठ येते. शेवटी ती तपकिरी पडते आणि तिला टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. भोकं दिसली की माशा उडून गेल्या असं समजावं. पानं मुडपतात, शेंडा खुंटतो, रोप झुडपासारखं होतं.

‘क्लोन म्हणजे कीडरोधक’

क्लोन म्हणजे एकाच झाडाची हुबेहूब नक्कल, बस. मूळ झाड गाठमाशीला बळी पडणारं असेल तर अख्खा प्लॉट तसाच. कॅमाल्डुलेन्सिस आणि टेरेटिकॉर्निस (आपल्याकडचं ‘मैसूर गम’ बहुतांशी हेच) या निलगिरीच्या जाती गाठमाशीच्या आवडत्या. पेलिटा पुष्कळ तग धरते, लिंबाच्या वासाची सिट्रिओडोरा तर जवळपास सुटते. एकाच जातीतही फरक असतो: बियांपासूनच्या रोपांच्या एकाच ओळीत एक गाठींनी लगडलेलं आणि शेजारचं स्वच्छ, हे सर्रास दिसतं. चांगले क्लोन निवडले जातात ते अशाच स्वच्छ झाडांतून.

पण तो रोध त्या एका किडीपुरताच. कॅलिफोर्नियाचं उदाहरण बोलकं आहे. तिथे १९८४ मध्ये लांब मिशांचा खोडभुंगा फोराकँथा सेमिपंक्टाटा सापडला. ग्लोब्युलस, व्हिमिनॅलिस, डायव्हर्सिकलर या निलगिरीच्या जाती त्याला बळी पडल्या, कॅमाल्डुलेन्सिस टिकली. मग १९९८ मध्ये पानांतला रस शोषणारी, साखरेच्या पांढऱ्या टोपीखाली लपणारी ग्लायकास्पिस आली आणि तिने नेमकी कॅमाल्डुलेन्सिसच गाठली. तिने सोडलेल्या चिकट रसावर बुरशी येऊन पानं काळी पडली, झाडं उघडी झाली. साइडरोझायलॉन आणि क्लॅडोकॅलिक्स या जाती मात्र दोन्ही किडींपुढे बऱ्यापैकी टिकल्या.

म्हणून रोपवाटिकेत ‘कीडरोधक आहे का’ असं मोघम विचारू नका. क्लोनचा क्रमांक आणि जात विचारा, कोणत्या किडीविरुद्ध पारखलाय ते विचारा, आणि ज्या मातृरोपांवरून काड्या घेतल्या ती स्वतः पाहा. एकाच क्लोनचं सलग रान करण्यापेक्षा तीन-चार क्लोन वेगवेगळ्या पट्ट्यांत लावलेले बरे.

‘पाणी लागत नाही’

जगायला कमी लागतं. किडीशी झुंजायला नाही. खोडभुंग्याची अळी सालीखाली शिरते तेव्हा ओली, रसरशीत साल तिला मारते. ताणातल्या झाडाच्या कोरड्या सालीत ती मजेत पोखरत जाते आणि झाडाला वळसा घालून ते वाळवते. उलट चूक नत्राची: युरियाचा मारा केला की कोवळी फूट भरमसाट येते, आणि गाठमाशीला व रसशोषकांना तीच हवी असते. तोडणीनंतरच्या खुंटाच्या फुटव्यांवर गाठी जास्त दिसतात त्या याचमुळे.

‘एक फवारा मारा’

अळी गाठीच्या आत असते. वरून मारलेलं औषध तिथे पोचत नाही. अंड्यापासून माशी बाहेर पडायला साधारण चार महिने लागतात, पण पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या असल्याने नव्या माशा येतच राहतात. आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणाऱ्या) औषधाचा थोडाफार उपयोग रोपवाटिकेत, मोठ्या झाडांत तो खर्च वाया. शिवाय क्वाड्रास्टिकस मेंडेली आणि मेगास्टिग्मस या माशा गाठीतल्या अळीवर जगतात. फवाऱ्यात आधी त्याच मरतात.

रोपवाटिकेत गाठींचे शेंडे हिरवे असतानाच खुडून पिशवीत बांधा आणि जाळा. खुडून वाफ्याकडेला टाकले तर पक्व गाठींतून माशा तरीही बाहेर येतात. गाठी असलेली रोपं गाडीत चढवू नका, मग ती कितीही स्वस्त मिळोत.