ऐकू यावं, पण सगळ्यांना नको

मोटारसायकलचा सायलेन्सर बदलणाऱ्याला कारण विचारा, तो 'आवाजासाठी' असं कधीच म्हणणार नाही. पिकअप वाढतो म्हणेल. इंजिन मोकळा श्वास घेतं म्हणेल. (सोडतं, खरं तर. घ्यायचं काम एअर फिल्टरकडे असतं.) नाहीतर गाडी हलकी होते म्हणेल, आणि हे सांगताना त्याचं स्वतःचं पोट टाकीवर टेकलेलं असेल. मीही घरी हलकेपणाचंच कारण पुढे केलं. "गाडीचं वजन दोनेक किलोनं उतरेल," म्हणालो. बायकोनं मला खालपासून वरपर्यंत एकदा न्याहाळलं. "ते फुकटात होण्यासारखं आहे," एवढंच म्हणाली.

खरी गोम अशी, की नव्या सायलेन्सरचा आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू जायला हवा असतो, चौकात शिट्टी घेऊन उभा असलेला एक माणूस सोडून. म्हणून दुकानात पहिला प्रश्न मोठ्यांदा, "आवाज कसाय?" आणि दुसरा काउंटरवर वाकून, "रस्त्यावर चालतो ना?"

या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जपून ठेवण्यासारखी असतात. मेकॅनिक म्हणाला, "चालतंय की, सगळेच लावतात." रायडर मित्र म्हणाला, "पकडेपर्यंत चालतं." विक्रेता तर दुखावलाच. "चालत नसता तर आम्ही ठेवला असता का?" हे म्हणताना त्याच्या हातात जे खोकं होतं, त्याच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: फक्त शर्यतीच्या ट्रॅकवर वापरण्यासाठी. या एका ओळीनं बनवणारा सुटतो, विकणारा सुटतो आणि उरतो तो गाडीवर बसलेला.

खरं उत्तर सायलेन्सरच्या अंगावरच ठोकलेलं असतं. 1958 साली जिनिव्हात वाहनांच्या नियमांबद्दल एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातला 41 क्रमांकाचा नियम मोटारसायकलच्या आवाजाचा आणि 92 क्रमांकाचा बदली सायलेन्सरचा. पास झालेल्या सायलेन्सरवर वर्तुळात 'ई' आणि त्याला लागून एक आकडा असतो. 1 असेल तर मंजुरी जर्मनीची, 3 असेल तर इटलीची, 4 असेल तर नेदरलँड्सची. अमेरिका या करारात नाही, तिथलं लेबल निराळं. म्हणजे नुसता शिक्का दिसला म्हणून हुरळून जायचं नाही. आपला देश तो मानतो का, हे बघायचं आणि मंजुरीच्या कागदावर आपल्याच गाडीचं मॉडेल आहे का, हेही. भलत्या गाडीसाठी पास झालेला सायलेन्सर लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मार्कशीटवर प्रवेश घेणं. मी दुकानात मोबाइलचा टॉर्च लावून एकेका सायलेन्सरच्या बुडाशी डोळा नेत होतो, तेव्हा विक्रेत्यानं पोऱ्याला हळूच विचारलं, "घेणारे का तपासायला आलेत?"

शेवटी माझ्या गाडीच्या नावाचा कागद असलेला एक सापडला. स्लिप-ऑन, म्हणजे नुसता मागचा डबा बदलायचा. फुल सिस्टिम घेतली असती तर इंजिनापासून डब्यापर्यंत येणारा बेंड पाइपही गेला असता, आणि माझ्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या पाइपातच आहे. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या धातूंच्या जिवावर तो धूर निवळतो. तो काढला की आवाजाचा प्रश्न सुटेल न सुटेल, प्रदूषणाचा नवा उभा राहतो.

पैसे देताना विक्रेता कानाशी आला. "जाळी काढायची एलन की आतच आहे, साहेब." एलन की म्हणजे षटकोनी सळईचा पाना आणि जाळी म्हणजे डीबी किलर, आवाज दाबायला टोकाशी बसवलेली बोटभर नळी. अख्खी कायदेशीर मंजुरी ती आत आहे असं धरून दिलेली असते, आणि नळीला धरून असतो एक स्क्रू. तो काढला की कागद रद्दीत. मित्राचं म्हणणं, "सहाच तर डेसिबल वाढतात." डेसिबलचा हिशेब बेरजेचा नसतो, हे त्याला कोण सांगणार! तीन वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट, सहा वाढले की चौपट. 41 व्या नियमाची चौथी दुरुस्ती दमदार गाड्यांनाही धावत्या चाचणीत 77 डेसिबलच्या पुढे जाऊ देत नाही. त्यावर मित्राचा हुकमी एक्का: मोठ्या आवाजानं जीव वाचतो, लोकांना आपण येतोय ते कळतं. सायलेन्सरचं तोंड मागे असतं. आपण ज्यांच्या मागून येतोय ते काचा लावून गाणी ऐकत असतात, आणि ज्यांना आपण छान ऐकू येतो त्यांना आपण ओलांडून गेलेलो असतो.

बसवायला घेतला आणि शेजारचे काका खुर्ची घेऊन आले. जुन्या डब्याचा नट गंजून बोल्टशी एकजीव झाला होता. त्याला तेल पाजलं, विनवलं, शेवटी पान्यावर पाय देऊन उभा राहिलो तेव्हा कुठे तो करकरला. "बॅक प्रेशर जाईल हं," काका म्हणाले. "बॅक प्रेशर गेलं की गाडी मेली." बॅक प्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराला होणारा अडथळा, कुठल्याच इंजिनाला नको असतं. हवी असते ती लाट. धुराचा प्रत्येक हिसका पाइपच्या उघड्या तोंडाशी पोचला की कमी दाबाची लाट उलटी फिरते आणि वेळेवर पोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढते. ती कधी पोचणार हे पाइपच्या लांबीवर. हे सगळं मी काकांना स्प्रिंग ओढता ओढता समजावलं, त्यामुळे मध्ये मध्ये शास्त्रात नसलेले शब्द आले. डबा पाइपाला धरून ठेवणारी ती बोटाएवढी स्प्रिंग हुकानं ताणून दुसऱ्या कडीत अडकवायची असते. दोनदा ती कडीच्या अगदी ओठाशी आली, 'टिंग' करून सुटली आणि पार्किंगभर उडाली. शोधायला काकांनी खुर्ची सोडली नाही, दिशा मात्र सांगितली.

सगळं घट्ट झाल्यावर स्टीलवरचे बोटांचे ठसे स्पिरिटनं पुसायचे. इंजिन तापलं की ते डागासारखे कायमचे उमटतात. कागदपत्रं चोख असलेला माणूस जमिनीवर आडवा होऊन ठसे पुसतोय, हे बघायला एव्हाना दोन पोरंही जमली होती. पुसून उठलो. काका म्हणाले, "चकाकतोय बघ," आणि पूर्ण पंजा त्यावर ठेवला. पुन्हा पुसला.

स्टार्टर दाबल्यावर आधी धूर आला. नव्या डब्यावरचं तेलबिल जळतं, घाबरायचं कारण नसतं, पण काका खुर्चीसकट मागे सरकले. मग आवाज आला. खर्ज किंचित वाढला होता. मला तो स्पष्ट जाणवत होता. पोरं वाट बघत उभी राहिली, मग निघून गेली. काका म्हणाले, "चला, चालू झाली गाडी. आता लाव तो नवा सायलेन्सर."

जुना डबा टाकून देता येत नाही. गाडी विकायची तर घेणारा तो मागतो, म्हणून फडक्यात गुंडाळून वर आणला. बायकोनं दोन्ही हातांनी उचलून बघितला. "हाच का तो दोन किलोचा?" तिनं विचारलं. "मग आता कॉटखाली गाडीतलं काय काय येणार आहे, ते आत्ताच सांगून ठेव."