आठही एकसारखे

काल शेजारच्या काकू माझ्या जिगवर (कापताना लाकूड किंवा हत्यार नेमक्या जागी धरणारा साचा) कुंडी ठेवून गेल्या आणि मी हूं की चूं केलं नाही, ते अजून डोक्यात घोळतंय.

प्रकरण एवढुसं. स्टूल करायचं होतं. चार पाय, चार आडव्या पट्ट्या, आठ सांधे. मॉर्टाइज-टेनन, म्हणजे एका लाकडात खाच आणि दुसऱ्याला तिच्यात घट्ट बसणारी जीभ. पटाशी-मोगरी घेऊन निमूट बसले असते तर एका रविवारी उरकलं असतं. पण मी व्हिडिओ बघितले! आधी जिग करा, मग डोळे मिटून कापा म्हणे. मग काय, खाचांसाठी राउटरचं जिग (हा राउटर म्हणजे लाकूड कोरणारं यंत्र, पण तो बिघडलाय म्हटल्यावर घरात सगळ्यांनी आधी फोन तपासले), जिभांसाठी टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येणाऱ्या करवतीवर, लाकूड उभं धरणारं जिग, तीन रविवार गेले.

राउटरचं गणित मला जमलं. लाकूड २४ मिमी, त्याचा तिसरा हिस्सा ८, म्हणून ८ चं बिट (राउटरचं फिरणारं पातं), १६ चा गाइड बुश (बिटाभोवतीची कडी, ती जिगच्या फटीत सरकते), म्हणजे जिगमधली फट १६ रुंद आणि खाचेपेक्षा ८ मिमी लांब. बरोबर आलं, हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे शेण खाल्लं. आणि राउटरच्या खाचेची टोकं गोल येतात, जीभ चौकोनी, त्यामुळे जी पटाशी टाळायला हा सगळा खटाटोप केला तीच शेवटी हातात घ्यावी लागते, पण व्हिडिओत नेमकं तिथे संगीत वाजतं.

तर काल जिभा कापून झाल्या आणि काकू आल्या, हातात कुंडी. ही ठेवायला काही आहे का विचारायला आल्या होत्या.

"अगं बाई, झालं की स्टूल! छान झालंय."

"काकू, ते जिग आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे स्टूलचे सांधे कापताना लाकूड धरायला."

"मग हे कापताना काय धरलंस?"

"त्याला एक छोटं जिग केलं होतं."

काकूंनी कुंडी या हातातून त्या हातात घेतली. "आणि त्या छोट्याला?"

मी गप्प. खरं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

"बरं, बसवून तरी दाखव."

बसवली. जीभ खाचेत गेली, जरा जास्तच प्रेमाने गेली, आणि पट्टी उचलल्याबरोबर पाय दाणकन खाली. दुसरी, तेच. तिसरी तर नुसतं बघितल्यावर पडली. मोजलं तर जीभ ५ मिमी. जिगमध्ये दोन कापांच्या मधे घालायचा ठोकळा मी मोजून ८ चा केला होता, ब्लेड स्वतः ३ मिमी लाकूड खातं हे विसरून. ठोकळा ११ चा हवा होता. आणि एक जीभ कापून खाचेत घालून बघावी एवढी साधी अक्कल नाही, डोळे मिटून कापायचं ना, आठही कापून मोकळी!

काकूंनी आठही जिभा हातात घेऊन बघितल्या. "पण एकसारख्या आहेत हं सगळ्या."

हाच तर जिगचा गुण. हाताने केलं असतं तर आठातल्या दोन तरी चुकून बरोबर आल्या असत्या.

जर्मनीत लाइपझिगजवळ ७००० वर्षांपूर्वीच्या लाकडी विहिरी सापडल्यात, त्यात असलेच सांधे, ओकच्या लाकडात, दगडी हत्यारांनी केलेले. त्या माणसांना कोणी व्हिडिओ दाखवला नाही हे त्यांचं नशीब. मला खरा राग ब्लेडच्या जाडीचा नाहीच, ती माझी चूक, पण पाऊण तासाच्या व्हिडिओत पाच मिनिटं स्वतःच्या एप्रनबद्दल बोलणाऱ्याला ब्लेडची जाडी मिळवा हे तीन शब्द सांगता येत नाहीत? खाली हजार लोक "थँक यू सर". त्यातली एक मी.

आता प्रत्येक जिभेच्या दोन्ही गालांना दीड-दीड मिमीची पट्टी चिकटवायची, सोळा पट्ट्या, मग रंधा मारून मापात आणायच्या. नुसता गोंद भरून भागत नाही, साधा पांढरा गोंद एवढी फट धरत नाही.

काकू म्हणाल्या, "तोवर हे रिकामंच आहे ना?" आणि जिगवर कुंडी ठेवली, दोन बोटांनी हलवून बघितली.

अजिबात डुगडुगलं नाही.