खुलासा : ‘तुरुंगात व्यसन सुटतेच’ हा संदेश चुकीचा आहे

‘तुरुंगात सहा महिने हेरॉइनविना काढले की व्यसन सुटते, तिथे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देणे म्हणजे सरकारी खर्चाने नशा पुरवणे,’ असा संदेश फिरतो आहे. (मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही हेरॉइनच्या व्यसनावरील उपचाराची औषधे आहेत.) कृपया तो पुढे पाठवू नका. त्यावर विश्वास ठेवून उपचार थांबवले तर जीव जातात.

नशा बंद असताना शरीराची सहनशक्ती उतरते, ओढ मात्र राहते. सुटलेला माणूस जुन्याच मात्रेत हेरॉइन घेतो आणि श्वास थांबतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या २००७ मधील अभ्यासात, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मृत्यूचा धोका सर्वसामान्यांच्या १२९ पट आढळला. तिथल्याच ऱ्होड आयलंड राज्याच्या तुरुंगांत २०१६ मध्ये ही औषधे सुरू झाल्यावर सुटकेनंतरचे असे मृत्यू वर्षभरात ६१ टक्क्यांनी घटले.

योग्य मात्रेत ही औषधे ओढ शमवतात, नशा चढवत नाहीत. गडबड होते ती घाईने. ब्युप्रेनॉर्फिन शेवटच्या हेरॉइननंतर साधारण १२ ते २४ तासांनी, नशा उतरल्याचा त्रास स्पष्ट दिसू लागल्यावरच द्यायचे. आधी दिले तर उलट्या, जुलाब, अंगदुखी एकदम उसळतात आणि मग ‘औषध बाधले’ अशी समजूत होते. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची. गिळली तर परिणाम फारच कमी.

नातेवाइकांनी सुटकेआधीच दोन गोष्टी मागून घ्याव्यात : पुढचा डोस कुठे, कोणत्या दिवशी मिळेल याची चिठ्ठी, आणि घरात ठेवायला नालोक्सोन, म्हणजे हेरॉइनच्या अतिमात्रेचा परिणाम उलटवणारे औषध.