मागच्या सीटवरचा नवरा

आमच्या घरी स्कूटर बायको चालवते आणि मी मागे बसतो. यात खरं तर सांगण्यासारखं काही नाही. लाखो बायका आजवर नवऱ्याच्या मागे, एका अंगाला, मांडीवर पोर घेऊन बसल्या. कुणाला त्यात नवल वाटलं नाही. पण बाप्या मागे बसला की नाशकातल्या अख्ख्या गंगापूर रोडला चौकशा सुचतात.

पहिली चौकशी दयेपोटी होते. "काय झालं हो हाताला?" सिग्नलला शेजारी थांबलेला अनोळखी गृहस्थ विचारतो. मी हात हलवून दाखवतो. मग त्याची नजर पायांकडे जाते. तेही धड निघाले की तो एकदम गप्प होतो. चारचौघांत सांगण्यासारखं दुखणं नसावं, असा त्याचा समज झालेला असतो. पंचवटीतल्या आमच्या आत्याने तर सरळच विचारलं, "पोलिसांनी लायसन काढून घेतलं का रे तुझं?" मला गाडी येते, बायकोला चांगली येते, एवढंच कारण आहे, पण ते कुणालाच पुरत नाही. एका मित्राने कळवळून सुचवलं, "मणक्याचं काहीतरी सांगत जा. लोक समजून घेतात."

मागे बसणाऱ्याची खरी पंचाईत हातांची. बायकोने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला तर तो सुखी संसार. नवऱ्याने बायकोच्या खांद्यावर ठेवला की कॉलेज रोडवरची पोरं वळून बघतात. म्हणून मी दोन्ही हात मागे नेऊन दांडी धरतो आणि छाती पुढे काढून, मिरवणुकीतल्या पुतळ्यासारखा शहरभर फिरतो. भाजी घेतलेली असली तर पिशवी मध्ये येते आणि कोथिंबीर नाकात जाते. अधूनमधून मी "डावीकडून रिक्षा!" असं काही उपयोगाचं बोलतो. त्यावर पुढून उत्तर येतं, "तू बस." सिंहस्थाच्या नावाने जागोजाग खणून ठेवलेल्या रस्त्यांवर ती ज्या सफाईने गाडी काढते, ते पाहता या उत्तरावर अपील नाही.

या सगळ्यात एकटा कायदा काय तो समजूतदार. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२९ : चालवणाऱ्याने हेल्मेट घालायचं आणि मागे बसणाऱ्यानेही घालायचं. पुढे नवरा की बायको, असली भोचक चौकशी तो करत नाही. नाशकात २०२१ साली 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झालं तेव्हा आम्ही दोघं अगदी सारख्या टोपांत पंपावर गेलो. मला वाटलं, आता तरी ओळख पटणार नाही. पंपावरचा पोरगा तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "किती टाकू साहेब?" पैशाची पर्स तिच्याकडे, टाकीची चावी तिच्याकडे, किती टाकायचं तेही तिलाच माहीत. मी आपला तिला विचारून त्याला सांगितलं.

एकदा एका हवालदारानेही मलाच लायसन्स मागितलं. मी दाखवलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं, मग पुढे कोण बसलंय ते पाहिलं. "गाडी या चालवतात?"

"हो."

"मग तुम्ही काय करता?"

"मी बसतो."

त्याने ते लायसन्स दोन बोटांत धरून परत केलं. त्याच्या नजरेत दंडापेक्षा वाईट काहीतरी होतं.

साताऱ्याच्या सुरेखा यादव आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जातात. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली, भोर घाट उतरवून. त्या गाडीत मागे शेकडो बाप्ये बसले असणार. त्यांतल्या एकाला तरी कुणी विचारलं का, काय झालं हो हाताला?

बरं, आमच्या घरी स्वयंपाक मी करतो, तर निदान तिथे तरी मला मान असावा. गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात मी मेथीची जुडी उलटी करून देठ बघत असतो आणि मावशी म्हणतात, "भाऊ, वहिनींना विचारून घ्या. मग परत आणता." वहिनी पलीकडे गाडीला टेकून फोन बघत असतात. त्यांना मेथी आणि शेपूतला फरक वासावरून कळतो, तोही शिजल्यावर. जिथे मला ओ की ठो कळत नाही तिथे मी साहेब, आणि जिथे कळतं तिथे मी निरोप्या. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा हिशेब निघाला, करणाऱ्या पुरुषांचा ९७. म्हणजे जे करतात, तेही एवढंच करतात. २०२४ मध्ये पुन्हा मोजलं तर पुरुष ८८ वर आलेले. बहुतेक उरलेल्यांना मावशींनी परत पाठवलं.

पण या सगळ्यांवर कडी केली आमच्या गॅरेजवाल्याने. परवा चढाला गाडी ओढेना, म्हणून गेलो. त्याने कव्हर उघडलं आणि काळाकुट्ट एअर फिल्टर माझ्या नाकासमोर धरला. मी गंभीरपणे मान हलवली. दुसरं काय करणार? बायको म्हणाली, "बेल्टबरोबर रोलरही बघा, झिजले असतील." तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बघतो साहेब." तिने विचारलं, "कधी मिळेल?" त्याने मला सांगितलं, "संध्याकाळी." मग वही काढली. "साहेबांचा नंबर द्या, झाली की फोन करतो." बायकोने शांतपणे स्वतःचा नंबर सांगितला.

संध्याकाळी मी कणीक मळत होतो. तिचा फोन वाजला. तिने स्पीकरवर टाकला.

"साहेब आहेत का?"

"बोला, साहेबच बोलतेय."

पलीकडे बराच वेळ नुसता पान्यांचा खणखणाट. मग घसा साफ केल्याचा आवाज.

"साहेब, रोलरच गेले होते. तुम्ही म्हणत होतात तसे."