सहा फुटी रीफ टँकच्या (कोरल म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या) एक-स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. हॉलभर खारं पाणी झालं, लाकडी फ्लोअरिंग फुगलं, श्रिंप आणि गोगलगायी गेल्या. तुम्हाला आणि वहिनींना जो त्रास झाला त्याचं मनापासून वाईट वाटतं. रविवारी रात्री तुम्ही फोन केलात आणि आम्ही मंगळवारी पोचलो, त्याबद्दल माफी मागतो. सोमवारी विमानतळावरून माशांचं पार्सल आलं होतं. पिशव्यांतले मासे तसेच ठेवून दुकानातून हलता येत नाही, म्हणून उशीर झाला.

पण "एटीओ फेल झाला, साडेचार लाख उकळून फसवणूक केली" हे तुम्ही लिहिलंत, ते मला तसंच सोडता येणार नाही. नवीन लोक दुकानात यायच्या आधी रिव्ह्यू वाचतात. तुमचा वाचून एका गृहस्थांनी ठरलेलं काम थांबवलं आहे. माझ्याकडे दोन मुलं कामाला आहेत, त्यांची घरं याच दुकानावर चालतात.

इतरांना कळावं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. टँकमधून रोज पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. तेवढं गोडं पाणी आपोआप भरून काढणारी यंत्रणा म्हणजे एटीओ. सरांचा टँक 6 बाय 2 बाय 2 फुटांचा, सम्प (खालच्या कॅबिनेटमधली जोड-टाकी) धरून आणि दगड वजा करून साधारण 600 लिटर पाण्याचा. त्यातून दिवसाला पाच-सहा लिटर पाणी उडतं. आम्ही शेजारी 25 लिटरचा कॅन ठेवला, त्यात पंप टाकला आणि सम्पमध्ये सेन्सर लावला. कॅन चार दिवसांनी हाताने भरायचा.

यावर तुम्ही लिहिलंत की ऑटोमेशनचे पैसे घेतले आणि हाताने कॅन भरायला लावतात, यांना ऑटोमेशन कळतच नाही. सर, तो कॅन मुद्दाम लहान ठेवला होता. सेन्सर कधीतरी दगा देणारच. कोणत्याही कंपनीचा असो, त्यावर शेवाळ चढतं, तो जागचा हलतो. तो बिघडला तर जास्तीत जास्त किती पाणी आत जाईल, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. पूर्ण 25 लिटर गेले तरी क्षारता (हजार भाग पाण्यात मिठाचे भाग) 35 वरून साडेतेहतीसच्या आसपास येते. कोरल एखादा दिवस मिटून बसतील, पण मरणार नाहीत. सम्पमध्येही तेवढी जागा मोकळी सोडली होती, तीसुद्धा लाईट गेल्यावर वरून खाली येणारं पाणी धरून. म्हणजे जमिनीवर एक थेंब सांडायला नको. मोठा कॅन मागितलात तेव्हाही मी हेच सांगितलं होतं.

मंगळवारी आम्ही कॅबिनेट उघडलं तेव्हा कॅन कोरडा होता आणि एटीओच्या पंपाची वायर रबरबँड लावून गुंडाळून ठेवलेली होती. तुमच्या प्लंबरने आरओची नळी थेट सम्पमध्ये आणून हार्डवेअरच्या दुकानातला साधा फ्लोट व्हॉल्व्ह (पाणी चढलं की बंद होणारा) बसवला होता. त्याच्या दांडीवर मिठाचा पांढरा थर इतका घट्ट बसला होता की बोटाने ती हलेना. दिवसाला 75 गॅलनचा आरओ तासाला जवळपास 12 लिटर पाणी देतो. शनिवारी रात्रीपासून ते सम्पमध्ये पडत राहिलं आणि तेवढंच खारं पाणी बाहेर हॉलमध्ये आलं. रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता घनतेच्या मापात दाखवणाऱ्या उपकरणावर) 1.020 दिसत होतं, असायला हवं होतं 1.026, म्हणजे वर सांगितलेले 35. कंट्रोलर (टँकची उपकरणं आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) हे थांबवू शकला नाही, कारण त्या व्हॉल्व्हला वायरच नाही. आमच्या एटीओच्या सॉकेटमधून गेले तीन आठवडे वीज गेलेली नाही, ही नोंद तुमच्या ॲपमध्येही आहे. जो पंप बंद होता तो फेल कसा होईल?

थेट लाइन जोडू नका, हा मेसेज मी टँक सुरू केला त्याच आठवड्यात पाठवला होता. तो इथे टाकत नाही, मला तुमचा अपमान करायचा नाही. दर शनिवार-रविवारी गावी जाणाऱ्या माणसाला कॅन भरणं जड जातं, हे मला समजतं. पण तसं विचारलं असतंत तर दुसरा मार्ग काढला असता. शिवाय थेट लाइनवर आरओ दिवसभर थोडा-थोडा सुरू-बंद होत राहतो. दर वेळी सुरुवातीच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) जास्त येतो आणि ते उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लवकर संपतं. तुमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, तिथे तर हे हमखास होतं.

"फोनवर ओरडले" असंही लिहिलंत. आवाज चढला होता, हे खरं. क्षारता कमी दिसतेय म्हणून मिठाची पिशवी थेट टँकमध्ये ओततो, असं तुम्ही म्हणालात. कोरडं मीठ कोरलवर पडलं तर तो भाग जळतो, आणि क्षारता एका रात्रीत वर नेली तर पाणी पातळ झाल्यावरही तगलेले मासे त्या वेगाने मरतात. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत, मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून हळूहळू काही दिवसांत क्षारता वर आणली, आणि तुमचे सगळे मासे आज जिवंत आहेत. हेही रिव्ह्यूमध्ये यायला हवं होतं.

एकाच्या जागी दोन हीटर "माथी मारले", हाही आरोप आहे. पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा दहा-बाराच्या आसपास जातो. एकच मोठा हीटर लावला आणि त्याचा थर्मोस्टॅट चालू स्थितीत अडकला, तर सकाळपर्यंत टँक उकडून निघतो. 300 वॅटचे दोन असले की एक अडकला तरी एवढं पाणी तापवायची त्याची ताकद नसते, आणि एक बंद पडला तर दुसरा निभावून नेतो. चिलरचंही (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचंही) तसंच. तुमचा हॉल पश्चिमेचा, एसी फक्त रात्री, आणि पुण्यातला एप्रिल-मे तुम्हाला मी सांगायला नको. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी आणखी उडतं, आणि पावसाळी दमट हवेत पंख्याचा उपयोग फारसा नाही.

डोसिंग पंप (कोरलना लागणारी खनिजं मापाने पाण्यात सोडणारा) मात्र मी तुम्हाला विकलाच नाही. तुमच्याकडे सॉफ्ट कोरल आहेत, त्यांना आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की पुरतं. हार्ड कोरल (दगडी सांगाड्याचे) "मुद्दाम दिले नाहीत" असं लिहिलंत. ते 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते माझ्या दुकानात मिळणार नाहीत, कितीही पैसे दिलेत तरी. पैसेच उकळायचे असते तर या दोन्ही गोष्टी मी सगळ्यात आधी विकल्या असत्या.

रविवारच्या तक्रारींसाठी काहीतरी सोय करायचं चाललं आहे आणि सूचना यापुढे लेखी देऊ. तुमच्या कॅबिनेटमध्ये आमच्या खर्चाने लीक सेन्सर बसवून देतो. श्रिंप आणि गोगलगायी खरेदीच्या भावात देईन. रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही, पण फसवणूक हा शब्द तेवढा मागे घ्या, ही विनंती.

शनिवारी मी स्वतः येतो. तोवर आरओचा कॉक बंद ठेवा, नळी सम्पमधून काढा, कॅन भरून पंपाची वायर पुन्हा त्याच सॉकेटमध्ये लावा. क्षारता 1.026 झाली असेल तर आणखी मीठ घालू नका.

आपला,
दुकानाचा मालक