नळी पोटात आहे, पायात नाही

"नळीवरच्या माणसाला डोंगरावर नेऊ नका. नळी निसटली तर तासाभरात मरण. घरचं मिक्सरमधलं जेवणच डब्यात न्या, पावडर म्हणजे केमिकल. पाणी बेतानं, नाहीतर पोट फुगेल." हा मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय आणि तो वाचून लोक आपल्या धडधाकट माणसाला घरात डांबून ठेवताहेत. माझ्या काकांची अन्ननलिका आकसलीय. त्यांना पोटाला छिद्र करून बसवलेल्या नळीतून जेवण-पाणी दिलं जातं, आणि तरी ते आमच्याबरोबर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या रानात चालतात.

डोंगरावर जायचं की नाही, हे नळी कुठली त्यावर ठरतं. नाकातून घातलेली नळी सरकून श्वासनलिकेकडे जाऊ शकते. तिच्यासह चढण नको. पोटाचं छिद्र नवं असेल तरी चार-सहा आठवडे थांबा. छिद्र मुरलं आणि डॉक्टर हो म्हणाले, तर अडवायचं कशाला? खरी अडचण सॅकची असते. कमरपट्टा नेमका नळीवर येतो. काका नळी वर वळवून चिकटपट्टीनं पोटाला लावतात, वरून सुती बनियन घालतात आणि पट्टा सैल सोडून वजन खांद्यांवर घेतात.

नळी निसटली म्हणून कोणी तासाभरात मरत नाही. पण छिद्र काही तासांतच आकसायला लागतं, म्हणून त्याच मापाची जादा नळी सॅकमध्ये हवी. बदलायला शिकवलेलं असेल तरच ती घाला. छिद्र नवं असेल तर मुळीच नाही. शिकवलेलं नसेल किंवा छिद्र नवं असेल, तर स्वच्छ गॉज लावून थेट दवाखाना गाठा. नळी जागेवर बसल्याची खात्री होईपर्यंत तिच्यातून काही देऊ नका. सातपुड्यात तोरणमाळ, धडगावकडे कैक ठिकाणी रेंज नसते, तेव्हा परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा.

घरचं पातळ जेवण घरी उत्तम. डब्यात मात्र ते दोन तासांपुढे भरवशाचं नाही, आणि आपल्याकडच्या उन्हात त्याहूनही कमी. डॉक्टरांनी सांगितलेली आहाराची पावडर कोरडी न्यावी, उकळून गार केलेल्या पाण्यात त्या वेळेपुरतीच कालवावी. बसवून द्यावी आणि नंतर अर्धा-पाऊण तास चढू नये. द्यायला लाइट लागत नाही: 60 मिलीची सिरिंज, दट्ट्या काढलेला, हात जरा उंच, की आहार आपोआप खाली उतरतो.

सगळ्यात घातक आहे तो पाण्याचा सल्ला. तहान लागली की आपण बाटली तोंडाला लावतो, काकांना तसं पिता येत नाही. त्यांचं पाणी कोणीतरी ठरवून द्यावं लागतं. ओझं हलकं व्हावं म्हणून लोक मिलीला दीड-दोन कॅलरीचा घट्ट आहार नेतात. त्यात पाणी सुमारे 70 ते 78 टक्केच, एक कॅलरीवाल्यात 80च्या पुढे. वर घाम! मग लघवी गडद होते, चक्कर येते, आणि दोष नळीवर जातो. म्हणून आहाराआधी आणि नंतर साधारण 30 मिली पाण्यानं नळी धुवायची, आणि शिवाय चालताना थोडं थोडं वेगळं पाणी द्यायचं. पोट फुगतं ते घाईनं एकदम ओतल्यानं. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर पाण्याचा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.

दिवाळीतली अस्तंब्याच्या डोंगरावरची यात्रा मात्र पहिल्या खेपेला नको. तिथली गर्दी आणि लांब चढण यांत दर तासाला थांबून पाणी देणं जमत नाही. आधी पाटणादेवी करा.